‘अ‍ॅडमिन’ नावाची खोली : सर्व्हरवरच्या फोल्डरला कुलूप कसं लागत गेलं

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोन-तीन जणांनी विचारलं, की यात इतिहास कुठे आला? हा तर कॉम्प्युटरवाल्यांचा विषय. प्रश्न रास्त आहे. पण आपण रोज ज्या वेबसाइट उघडतो, त्यातल्या बहुतेकांच्या पाठीमागे एक खोली असते. बातमी तिथून चढवतात, सभासदांची यादी तिथून काढतात, फीचे पैसे जमा झाले की नाही ते तिथून बघतात. बऱ्याचदा त्या खोलीचं नावसुद्धा सरळ ‘अ‍ॅडमिन’ असतं. तिला कुलूप कोणतं लावायचं, किल्ली कुठे ठेवायची, हे कुणी एकदा बसून ठरवलेलं नाही. साठ वर्षांत एकेक अपघात झाला आणि एकेक नियम आला. त्यातले काही नियम आजही सर्व्हरच्या सेटिंगमध्ये तसेच पडून आहेत, आणि ते कशामुळे आले हे ठाऊक नसल्यामुळे लोक ते काढूनही टाकतात. म्हणून हा इतिहास.

सुरुवात वेबच्या पुष्कळ आधीची आहे. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये १९६१ साली फर्नांडो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटीएसएस नावाची व्यवस्था करून दाखवली. एकच मोठं मशीन, आणि अनेक माणसं आपापल्या टर्मिनलवरून ते एकाच वेळी वापरताहेत. एका घरात अनेक बिऱ्हाडं आली की प्रत्येकाला आपल्या खोलीचं दार हवं असतं, तसे इथे पासवर्ड आले. आणि सगळ्यांचे पासवर्ड एका फाइलमध्ये, जसेच्या तसे, वाचता येतील असे लिहून ठेवलेले होते.

पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, अ‍ॅलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याला चार तासांचा मशीनचा वेळ पुरेना. फाइल छापून मागवायची एक सोय होती, पंचकार्डावर नाव लिहून द्यायचं. त्याने पासवर्डांच्या फाइलचंच नाव लिहून दिलं. छापील प्रत हातात आली! हे त्याने स्वतःच पंचवीस वर्षांनी जाहीरपणे सांगितलं. कुलूप फोडलं नाही, भिंत ओलांडली नाही. छपाईची खिडकी उघडी होती आणि मागितलेली फाइल मागणाऱ्याला द्यावी की नाही, हे त्या खिडकीवर कुणी विचारत नव्हतं. ही खिडकी जरा लक्षात ठेवा, ती आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

पण माझ्या दृष्टीने जास्त महत्त्वाची घटना त्यानंतरची, १९६०च्या दशकाच्या मध्यावरची. सीटीएसएसचा कारभार पाहणारी माणसं एका सामायिक डिरेक्टरीत, म्हणजे आजच्या भाषेत अ‍ॅडमिनच्या फोल्डरमध्ये, काम करत. फाइलीत दुरुस्ती करायचा जो प्रोग्रॅम होता, तो काम चालू असताना एक तात्पुरती फाइल बनवायचा आणि तिचं नाव ठरलेलं असायचं. गृहीत असं, की एका फोल्डरमध्ये एका वेळी एकच माणूस बसणार. एके दिवशी दोघे बसले. एक जण पासवर्डांची फाइल दुरुस्त करत होता, दुसरा रोजची सूचना लिहीत होता, जी प्रत्येकाला आत येताना दिसते. दोन तात्पुरत्या फाइलींची अदलाबदल झाली. त्यानंतर जो जो आत आला, त्याला सूचनेच्या जागी सगळ्यांचे पासवर्ड दिसले. एका वापरकर्त्याच्या हे ध्यानात आलं आणि त्याने मुद्दाम ते मशीनच बंद पाडलं, असं त्या काळातले लोक सांगतात. मला विचाराल तर त्या दिवशीचं सर्वांत शहाणपणाचं काम तेच.

म्हणजे बघा, आपल्या विषयातला हा पहिला मोठा अपघात कुणा चोरामुळे झालेला नाही. अधिकार असलेली दोन माणसं, अधिकाराच्या खोलीत, आपापलं काम करत होती.

यातून धडा घेणारे लोक होते. बेल लॅब्जमधले रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी १९७९ मध्ये पासवर्डांच्या सुरक्षेवर एक निबंध लिहिला आणि त्यात हा किस्साही नोंदवला. त्यांची भूमिका अशी, की फाइल कधीतरी फुटणारच असं धरून चला. मग तीत पासवर्ड न लिहिता त्याचं एकेरी रूपांतर लिहा, म्हणजे ते उलटं फिरवून मूळ शब्द मिळणार नाही. आणि प्रत्येक पासवर्डात थोडं वेगवेगळं ‘मीठ’ घाला, म्हणजे दोघांचा पासवर्ड एकच असला तरी फाइलीत तो वेगळा दिसेल. त्याच निबंधात त्यांनी ३,२८९ पासवर्ड तपासले. त्यातले २,८३१, म्हणजे ८६ टक्के, एकतर फार छोटे होते किंवा शब्दकोशासारख्या यादीत सापडणारे होते. पंधरा जणांचा पासवर्ड चक्क एका अक्षराचा होता. माणसाचा स्वभाव पन्नास वर्षांत फारसा बदललेला नाही.

पण या पद्धतीवर भिस्त ठेवून युनिक्समध्ये एक निर्णय राहून गेला. पासवर्डांची फाइल, म्हणजे ‘ईटीसी’ फोल्डरमधली ‘पासडब्ल्यूडी’, कुणालाही वाचता येईल अशीच राहिली. रूपांतर केलेलंच आहे, वाचेनात का! मशीनं वेगवान होत गेली तशी ही बेफिकिरी महाग पडू लागली. मग ते रूपांतरित पासवर्ड उचलून ‘शॅडो’ नावाच्या वेगळ्या फाइलीत ठेवायची पद्धत आली. मात्र ती सगळीकडे पोचायला बरीच वर्षं गेली, आणि नेमक्या त्याच वर्षांत वेब आलं.

आता वेबकडे येऊ. १९९३ मध्ये इलिनॉय विद्यापीठातल्या एनसीएसए या केंद्रात रॉब मॅकूल याने एक वेब सर्व्हर लिहिला, एचटीटीपीडी. त्याची कल्पना अगदी साधी. मशीनवरचा एक फोल्डर घ्या आणि तो जगाला दाखवा. पत्त्यात जे लिहिलंय तेच फोल्डरमधलं नाव. म्हणजे एमआयटीची ती छपाईची खिडकी पुन्हा उघडली, फक्त आता रांगेत सगळं जग उभं. नाव लिहून द्या, फाइल घ्या. फोल्डरमध्ये मुखपृष्ठाची फाइल नसेल तर सर्व्हर सौजन्याने आतल्या सगळ्या फाइलींची यादीच काढून द्यायचा. विद्यापीठांच्या जगात ही सोय होती. संशोधनाचे कागद वाटायचे आहेत, लपवायचं काय?

तरी काहींना काही फोल्डर झाकायचे होते. त्यासाठी एनसीएसएने जी युक्ती काढली ती आजतागायत चालू आहे. फोल्डरच्या आतच ‘डॉट-एचटीअ‍ॅक्सेस’ नावाची छोटी फाइल ठेवायची. सर्व्हर ती आधी वाचतो आणि मग नाव-पासवर्ड विचारतो. पासवर्ड ‘डॉट-एचटीपासडब्ल्यूडी’ नावाच्या फाइलीत, मॉरिस-थॉम्प्सन यांच्या काळातल्या त्याच युनिक्सच्या रूपांतराने लिहिलेले. त्या रूपांतरात पहिली आठच अक्षरं धरली जात. तुम्ही वीस अक्षरांचा पासवर्ड ठेवला तरी पुढची बारा शोभेची.

एनसीएसएने हे शिकवायला एक धडा लिहिला होता. त्यात ‘टर्की’ नावाचा फोल्डर, ‘पम्पकिन’ हा वापरकर्ता आणि ‘पाय’ हा पासवर्ड. सगळं थँक्सगिव्हिंगच्या जेवणातलं. गंमत सोडा, पण त्या धड्यातल्या नमुन्यात कुलूप ‘गेट’ या प्रकारच्या मागणीपुरतं लावलेलं होतं. वेबवर मागण्यांचे प्रकार अनेक असतात. ‘गेट’ म्हणजे द्या, ‘पोस्ट’ म्हणजे घ्या. पान वाचायला आलेल्याला अडवायचं आणि फॉर्म भरून पाठवणाऱ्याला नाही, असा त्याचा अर्थ व्हायचा. फोल्डरमध्ये नुसती पानं असतील तर बिघडत नव्हतं. प्रोग्रॅम असेल तर तो ‘पोस्ट’च्या दाराने कुणीही चालवू शके. जगभर लोकांनी हा नमुना उतरवून घेतला. अपाची सर्व्हरच्या दस्तऐवजात आजही इशारा आहे, की अशा कंसात घातलेला निर्बंध बाकीच्या प्रकारांना लागू होत नाही.

अपाचीचं नाव निघालंच आहे तर सांगतो. तो १९९५ मध्ये उभा राहिला तो एनसीएसएच्या सर्व्हरला ठिकठिकाणच्या लोकांनी लावलेल्या ठिगळांतून. त्यांतले एक ब्रायन बेलेनडॉर्फ. ‘हॉटवायर्ड’ या वेब-मासिकाला वाचकांची नोंदणी करून मग आत सोडायचं होतं, आणि एनसीएसएच्या सर्व्हरला एवढ्या मोठ्या संख्येचं ओझं पेलत नव्हतं. म्हणून त्यांनी त्यात फेरफार केले. एकेकाळी जगातल्या सर्वांत लोकप्रिय असलेल्या सर्व्हरच्या जन्मकथेत दारावरच्या पहारेकऱ्याचा असा हात आहे.

पहारेकरी आला, पण तो खासगीतलं मोठ्याने बोलायचा. मे १९९६ मध्ये एचटीटीपीच्या पहिल्या आवृत्तीचा दस्तऐवज निघाला, त्यात ‘बेसिक’ नावाची ओळखपद्धत आहे. नाव आणि पासवर्ड बेस-६४ या लिपीत बदलून प्रत्येक मागणीबरोबर पाठवायचे. ही गुप्तलिपी नव्हे. मोडी येत नसलेल्याला मोडी जितकी गुप्त, तितकीच ही गुप्त. वाटेत बसलेल्या कुणालाही क्षणात उलगडता येते. त्यावर खरा उतारा म्हणजे सगळी वाटच झाकायची. नेटस्केपने १९९५ पासून एसएसएल आणलं होतं, पण त्याला प्रमाणपत्र लागे आणि ते विकत घ्यावं लागे. बँकांनी घेतलं. छोट्या संस्था, शाळा, ग्रंथालयं यांनी नाही घेतलं. २०१५ अखेर ‘लेट्स एन्क्रिप्ट’ने फुकट प्रमाणपत्रं द्यायला सुरुवात केली, तोवर म्हणजे जवळजवळ वीस वर्षं, असंख्य अ‍ॅडमिन-फोल्डरांची किल्ली तारेवरून उघडी वाहत होती.

याच १९९६ सालातला ‘पीएचएफ’चा किस्सा सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. एनसीएसए आणि सुरुवातीच्या अपाचीबरोबर ‘सीजीआय-बिन’ नावाचा एक फोल्डर येई. त्यात प्रोग्रॅम ठेवायचे, आणि नमुन्यादाखल काही आधीच ठेवलेले असत. पीएचएफ हा त्यातला एक, टेलिफोनच्या वहीसारखं नाव-पत्ता शोधून देणारा. बहुतेकांनी तो कधी वापरला नसेल, आपल्याकडे आहे हेही त्यांना माहीत नसेल. तो वापरकर्त्याने दिलेला मजकूर मशीनच्या हुकमात घालायचा आणि त्याआधी धोक्याची चिन्हं निष्प्रभ करायचा. त्या चिन्हांच्या यादीत एक राहून गेलं : नवी ओळ. पत्त्यात नव्या ओळीची खूण घालून पुढे आपला हुकूम लिहिला की सर्व्हर तो इमाने पाळायचा. लोक काय लिहीत? ‘ईटीसी’मधली ‘पासडब्ल्यूडी’ दाखव. आणि जिथे ‘शॅडो’ची पद्धत अजून पोचली नव्हती तिथे सगळे रूपांतरित पासवर्ड ब्राउझरच्या पडद्यावर. १९७०च्या दशकातला ‘वाचेनात का’ हा निर्णय आणि १९९३ मधली नमुन्याचा प्रोग्रॅम आधीच ठेवून द्यायची सवय, दोन्ही एकट्या-एकट्याने निरुपद्रवी वाटणाऱ्या गोष्टी. त्यांची गाठ पडली आणि अमेरिकेतल्या सर्ट संस्थेला त्यावर इशारा काढावा लागला.

इथे लपवण्याच्या मार्गाबद्दल बोललं पाहिजे, कारण कुलूप लावण्यापेक्षा तो स्वस्त वाटतो. फोल्डरला कुठूनही दुवा द्यायचा नाही, मग कुणाला कळणार? १९९४ मध्ये मार्टाइन कोस्टर यांनी शोधयंत्रांच्या रोबोटांसाठी एक शिष्टाचार सुचवला. साइटच्या दाराशी ‘रोबोट्स’ नावाची मजकूर-फाइल ठेवायची आणि कुठे जाऊ नये ते तीत लिहायचं. सभ्य रोबोट ते पाळतात. साइटवाल्यांना वाटलं, वा, लपवायची सोय झाली. त्यांनी लिहिलं : ‘अ‍ॅडमिन’मध्ये जाऊ नका, ‘बॅकअप’मध्ये जाऊ नका. पण ही फाइल सर्वांना वाचायला खुली असते! घराच्या फाटकावर ‘दागिने माळ्यावरच्या डब्यात आहेत, कृपया बघू नये’ अशी पाटी लावण्यातलाच हा प्रकार. कोस्टर यांचा यात काही दोष नाही. २०२२ मध्ये या शिष्टाचाराला अधिकृत मानकाचं रूप आलं, त्यात स्पष्ट लिहिलंय की हे नियम म्हणजे प्रवेशाचा परवाना नव्हेत.

आणि ज्यांनी ही पाटीसुद्धा लावली नाही, त्यांची फोल्डरं शोधयंत्रांनी बिनदिक्कत गोळा केली. २००२ पासून जॉनी लाँग या अमेरिकन सुरक्षातज्ज्ञाने गूगलमध्ये काय लिहिलं की काय उघडं सापडतं याची यादीच करायला घेतली. सर्व्हर सौजन्याने काढून देत असलेली फाइलींची यादी आठवते ना? तिच्या मथळ्यात ठरावीक दोन शब्द असत. तेवढे दोन शब्द शोधले की उघड्या फोल्डरांची रांग लागायची. त्याच वर्षी रॉयटर्स वृत्तसंस्थेने इंटेन्शिया या स्वीडिश कंपनीचे तिमाही आकडे कंपनीने जाहीर करण्याआधी छापले. आकडे कंपनीच्याच सर्व्हरवर होते, फक्त दुवा दिलेला नव्हता. कंपनी म्हणाली ही घुसखोरी. रॉयटर्स म्हणाली, पत्ता टाइप केला आणि पान आलं. माझं मत रॉयटर्सच्या बाजूने झुकतं, पण हा वाद कायद्याच्या लोकांत आजही मिटलेला नाही, हे कबूल केलं पाहिजे.

२००३ नंतरचा काळ तुमच्या जास्त परिचयाचा आहे. मे २००३ मध्ये वर्डप्रेस आलं. मासिकं, पतसंस्था, गावोगावची मंडळं, परदेशातली महाराष्ट्र मंडळंसुद्धा, प्रोग्रॅमिंग न येता साइट चालवू लागली. ही मोठी गोष्ट आहे, तिला नाकं मुरडण्यात अर्थ नाही. पण आता जगातल्या लाखो खोल्यांचं नाव एकच झालं, ‘डब्ल्यूपी-अ‍ॅडमिन’. सुरुवातीला पहिल्या वापरकर्त्याचं नावही एकच, ‘अ‍ॅडमिन’. म्हणजे किल्लीचे अर्धे दात सगळ्यांचे सारखे. २०१० मधल्या तिसऱ्या आवृत्तीत ते नाव निवडायची मुभा मिळाली, पण जुन्या साइट तशाच राहिल्या. एप्रिल २०१३ मध्ये नव्वद हजारांहून जास्त आयपी पत्त्यांवरून एकाच वेळी ‘अ‍ॅडमिन’ या नावावर पासवर्ड आजमावायला सुरुवात झाली. एका पत्त्यावरून फार प्रयत्न झाले तर त्याला अडवायचं, ही नेहमीची युक्ती इथे कुचकामी. प्रत्येक पत्ता एकदोनदाच दार ठोठावून जातो.

तेव्हा पुष्कळांनी जुनं शस्त्र काढलं : फोल्डरवर डॉट-एचटीअ‍ॅक्सेसचं दुसरं कुलूप. आणि पंचाईत झाली. वर्डप्रेसमध्ये आत शिरायचं दार, लॉगिनची फाइल, अ‍ॅडमिनच्या फोल्डरमध्ये नाहीच, बाहेर आहे. उलट ‘अ‍ॅडमिन-एजॅक्स’ नावाची एक फाइल त्या फोल्डरच्या आत आहे, जी साध्या वाचकाच्या पानांनाही लागते. फोल्डरला कुलूप लावलं की दार उघडंच आणि वाचकाला मात्र अचानक पासवर्ड विचारला जातो. मग लोक वैतागून कुलूपच काढत. फोल्डर म्हणजेच अधिकाराची हद्द, हे १९९३ चं गृहीत इथे सुटलं होतं. ड्रुपल, जँगो यांच्यात तर ‘अ‍ॅडमिन’ हा नुसता पत्ता असतो. त्या नावाचा फोल्डर डिस्कवर शोधायला गेलात तर मिळणारच नाही.

शेवटचा भाग कुलपाच्याच प्रवासाचा. रशियातल्या इगोर सिसोएव यांनी २००४ मध्ये एंजिनएक्स हा सर्व्हर खुला केला. तो वेगवान, कमी मेमरी खाणारा, म्हणून पुढे साइटवाले अपाची सोडून त्याच्याकडे गेले. एंजिनएक्स डॉट-एचटीअ‍ॅक्सेस वाचत नाही. प्रत्येक मागणीला प्रत्येक फोल्डरमध्ये डोकावून ती फाइल शोधायची यात वेळ जातो, म्हणून ती पद्धतच त्याने घेतली नाही. त्याच्या दृष्टीने ती फाइल म्हणजे एक साधा मजकूर, मागितला तर देऊन टाकायचा. मूळ सेटिंगमध्ये ती न देण्याच्या ओळी आहेत, पण पुढे चौकटीचं चिन्ह लावून निष्क्रिय ठेवलेल्या.

मी एका छोट्या संस्थेची साइट या स्थलांतरानंतर पाहिली आहे, नाव सांगत नाही. शिष्यवृत्तीच्या अर्जांचा फोल्डर होता, मुलांची नावं, पत्ते, उत्पन्नाचे दाखले. जुन्या सर्व्हरवर त्याला पासवर्ड होता. फाइली जशाच्या तशा नव्या सर्व्हरवर नेल्या, कुलपाची फाइलसुद्धा तिच्या जागी नीट होती. फक्त ती वाचणारा पहारेकरी बदलला होता. साइट उत्तम चालत होती, कुणाची तक्रार नव्हती. पासवर्ड विचारला जात नाही याची तक्रार कोण करणार? फोल्डर कित्येक महिने उघडा होता.

अपाचीतही हेच घडतं, जरा वेगळ्या वाटेने. २०१२ च्या २.४ आवृत्तीत, मुख्य सेटिंगमध्ये परवानगी दिली नसेल तर डॉट-एचटीअ‍ॅक्सेसकडे लक्षच द्यायचं नाही, असं ठरलं. कारणं चांगली होती. पण जुनी फाइल नव्या घरात नेली की ती गप्प बसते, त्रुटीची एक ओळही दाखवत नाही. म्हणून या क्षेत्रातले जुने लोक सांगतात, की कुलूप लावल्यावर स्वतः अनोळखी होऊन बाहेरून दार ढकलून बघा, दुसऱ्या ब्राउझरमधून, लॉगिन न करता; आणि सर्व्हर बदलला की पुन्हा बघा. पासवर्डांची फाइल, बॅकअप, अर्ज हे तर जगाला दाखवायच्या फोल्डरच्या बाहेरच ठेवा. पत्त्याने जिथे पोचताच येत नाही तिथे कुलपाची भाषा समजणारा पहारेकरी असो वा नसो. मला या सगळ्यात हाच उपाय सर्वांत टिकाऊ वाटतो, कारण तो कुठल्याही एका सर्व्हरच्या स्वभावावर अवलंबून नाही.

कुणाकडे स्वतःचा सर्व्हर असेल तर आज घरी गेल्यावर त्याची लॉग फाइल उघडून पाहा. कोण कुठून काय मागून गेलं ते त्यात ओळीने लिहिलेलं असतं. तुमच्याकडे वर्डप्रेस नसलं तरी ‘डब्ल्यूपी-अ‍ॅडमिन’ मागितलेलं दिसेल, ‘पीएचपीमायअ‍ॅडमिन’ मागितलेलं दिसेल, प्रोग्रॅमर विसरून ठेवतात तो ‘डॉट-गिट’ फोल्डर मागितलेला दिसेल. त्या ओळींच्या शेवटी ४०४ असेल तर तसं काही तिथे नव्हतं, ४०१ किंवा ४०३ असेल तर दाराने अडवलं. २०० असेल तर काहीतरी दिलं गेलंय. काय दिलं ते त्याच पत्त्यावर जाऊन लगेच बघा.

वेळ झाली आहे. आता प्रश्न घेऊ.